वाळूतलं पाऊल

आमच्या क्लबच्या लाडक्या विजेत्याने आज वाळूच्या खड्ड्यातून चेंडू अलगद बाहेर काढला. फटका मारला की वाळूतली आपली पावलं दाताळ्याने पुसायची, ही गोल्फची रीत. त्याने मात्र दाताळं पायानेच बाजूला सारलं.

"माज आहे नुसता!" मी म्हणालो.

"अरे, दर वर्षी जिंकतो तो," शेजारी उभे असलेले जोशीकाका हसले. "तू जिंकून दाखव आधी."

जिंकणाऱ्याला सगळं माफ असतं. त्याच्या पावलांत अडकायचं ते मागून येणाऱ्यांनी.

सगळे गेल्यावर मी दाताळं घेऊन खड्ड्यात उतरलो. सगळी वाळू एकसारखी केली, फक्त त्याचं एक खोल पाऊल तसंच ठेवलं. देवा, उद्या त्याचा चेंडू नेमका त्यातच पडू दे.