फुगा, हायड्रोजन आणि बिडी

दोन शेजारच्या भाषांत एकच शब्द ठेवून अर्थ मात्र वेगळे करण्याचा वात्रटपणा ज्या कुणी केला, त्यानेच माझी अब्रू घालवली. मी? मी निर्दोष आहे! ऐका तर खरं.

बंगळुराबाहेरच्या एका माळावर आम्ही हवामानाचा फुगा सोडणार होतो. वाढदिवसाचा नव्हे हो! ढगांच्याही कितीतरी वर जाणारा. सगळ्यात वर फुगा, त्याचं रबर इतकं नाजूक की हातमोजे घालूनच शिवायचं. त्याखाली पॅराशूट, मग रडारला दिसावा म्हणून चंदेरी परावर्तक, आणि शेवटी थर्माकोलची पेटी. पेटीत कॅमेरा, जीपीएस, तापमापक. वर्षभराची मेहनत! आणि ती पेटी कुणाच्या हातात? माझ्या!

आमची म्होरकी शालिनी अक्का. घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नडात कधी शिरेल, तिचं तिलाही कळत नाही. बाकीचे दोघे कन्नडच. मी एकटा पुण्याचा, नवाकोरा.

फुग्यात हायड्रोजन होता. म्हणून मी टेम्पोवाल्या मंजण्णाला सकाळीच भाषण ठोकलं, "एक ठिणगी, की आपण सगळे फुग्याच्या आधी वर!" आणि त्याचं बिड्यांचं बंडल जप्त करून खिशात घातलं.

उड्डाणाच्या परवानगीची वेळ संपत आली होती. वारा पडला. वरून खाली एकेकाने दोर सोडायचा, शेवटी मी. अक्काने फुगा सोडला, दोघांनी पॅराशूट आणि परावर्तक सोडले, आणि ती ओरडली, "बिडी!"

"माझ्या खिशात आहे, अक्का!"

"अरे, बिडी रे, बिडी!"

बाकीचे दोघेही ओरडायला लागले, "बिडी! बिडी!"

काय माणसं ही! विज्ञानाचा एवढा क्षण, आणि सगळ्यांना तलफ? मी पेटी छातीशी घट्ट धरली. "कुणालाही मिळणार नाही!"

फुगा मला ओढत बाभळीकडे निघाला. काटे आले की फुटलाच! मी धावतोय, मागून तिघं धावताहेत.

"सोड, मेल्या, सोड!" अक्का.

"मी कधी ओढलीच नाही!"

"पेटी सोड! कन्नडात बिडी म्हणजे सोडा!"

सोडली. बाभळीच्या शेंड्याला जेमतेम चुकवून सगळी माळ वर गेली. पॅराशूट, चंदेरी परावर्तक, पेटी, एकामागून एक, कशी डौलात! मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. आपल्या हातांनी बांधलेली वस्तू इतक्या उंच जाते? अक्काचे डोळे भरले होते. मला शिव्या द्यायचंही ती विसरली.

सिलिंडर बंद करून टेम्पोत चढवले आणि दूर रस्त्यावरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मंजण्णाने बंडल परत घेतलं, एक काढून अदबीने माझ्यापुढे धरली.

"सर, बिडी?"

माझ्या हातातला ग्लास खळ्ळकन खाली!

मंजण्णा अक्काकडे वळला. "अक्का, सरांना कन्नड आली!"