सांज राहिली: भिगवण ते नरसिंहपूर

जानेवारीतल्या एका सकाळी चहा पिता पिता अविनाश म्हणाला, "यंदा नरसिंहपूरला जाऊन येऊ. देवासमोर एकदा पोथी वाचतो आणि मग ठेवून देतो."

"ठेवून देतो म्हणजे?"

"म्हणजे कपाटात," असं म्हणून त्याने बिस्किट चहात बुडवायला नेलं आणि ते कपाच्या बाहेर टेबलावर टेकवलं. मी फडकं आणलं आणि टेबल पुसलं.

अविनाश म्हणजे माझा नवरा. नरसिंह हे त्याच्या घराचं कुलदैवत. आयुष्यभर त्याने एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले, केसाएवढ्या रेघा ओढून पोट भरलं. आता त्याला काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं हळूहळू गेलं, मधलं तेवढं उरलं. "वाटीएवढं दिसतं," असं तो सांगतो, आणि तेही फक्त मला. बाकी कुणाला कळू द्यायचं नाही. लग्नाकार्यात समोरून आलेल्या माणसाला धडकला की "लक्ष नव्हतं हो" म्हणून हसतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपायचं.

रोज संध्याकाळी तो देवापुढे बसून पोथी वाचतो. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते. इतक्या वर्षांत मी कधी समोर जाऊन बसले नाही, तोही कधी बस म्हणाला नाही. पण त्याचा आवाज बंद झालेलं घर मला नको होतं. म्हणून सुटी टाकली, गाडीत हवा भरून घेतली आणि निघालो. आता गाडी मीच चालवते आणि तो शेजारी बसून न दिसणाऱ्या खड्ड्यांबद्दल सूचना देतो.

जाणार असाल तर सोलापूर हायवेने सरळ भिगवणला पोचता येतं. आम्ही मात्र सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीला गेलो. रस्ता बरा आहे, फक्त साखर कारखान्यांचा हंगाम असला की उसाच्या ट्रॅक्टरांमागे तासन्‌तास रांगावं लागतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर मावेल त्याहून जास्त ऊस, आणि गाण्यांचा आवाज असा की ड्रायव्हरला हॉर्न ऐकू जाणं शक्यच नाही. ओव्हरटेक करायची घाई करू नका. बारामतीत स्टँडपासून जवळच साधे, स्वच्छ लॉज मिळतात. खोली घेताना मी पहिल्यांदा फ्रीज विचारला, कारण अविनाशचे डोळ्यांचे थेंब थंड ठेवावे लागतात. काउंटरवरच्या चाचांनी ती चिमुकली बाटली स्वतःच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवली आणि पहाटे आम्ही निघताना थर्मासात बर्फासकट आणून दिली. "डोळ्याचं औषध हाय, जपून न्या," म्हणाले.

भिगवणचा बॅकवॉटर पाहायचा तर उजाडता उजाडता पोचायला हवं. उजनी धरणाचं पाणी मागे पसरलंय तिथे कडेच्या गावांतून होड्या मिळतात. भाडं आधी ठरवा, शनिवार-रविवार टाळा आणि कानटोपी विसरू नका, पाण्यावर थंडी चांगलीच झोंबते. आमच्या होडीवाल्याचं नाव पोपटराव. पन्नाशीचा, गळ्यात मफलर, बोलण्यात पटाईत. त्याने बांबूने होडी लोटली आणि जरा आत गेल्यावर हात लांब केला.

"ताई, तिकडं बघा. समदं गुलाबी दिसतंय का न्हाय?"

रोहित पक्ष्यांचा थवा होता. धुक्यातून आधी नुसता रंग दिसला, मग पाय, मग माना. होडी जवळ गेली तसा एक भाग उठला आणि पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडला. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. मग अविनाशकडे पाहिलं. तो भलत्याच दिशेला बघत होता.

"सायेब, त्या अंगाला न्हवं, हिकडं," पोपटरावने सांगितलं.

"हो हो, दिसले," अविनाश म्हणाला. त्याला काहीही दिसलेलं नव्हतं, हे मला कळलं. मी त्याचा खांदा धरून त्याला वळवलं आणि त्याच्या गळ्यातली दुर्बीण वर करून दिली. थवा तर उडून गेला होता. मागे राहिलेला एक पक्षी पाण्यात उभा होता. दुर्बीण हलत हलत त्याच्यावर येऊन थांबली, आणि मग अविनाशने ती खूप वेळ काढलीच नाही.

"डोकं उलटं करून खातोय," तो हळूच म्हणाला. "त्याची चोच बघितलीस? मधेच मोडल्यासारखी वाकडी. मान वर असते तेव्हा चूक वाटते. पण मान खाली घातली ना, की तीच चोच पाण्याला सपाट लागते. अगदी सपाट. मापं घेऊन केलंय हे कुणीतरी."

मी इतका वेळ नुसता गुलाबी रंग बघत होते. चोच पाहिलीच नव्हती.

पोपटराव म्हणाला, "चिखलातनं बारीक बारीक खानं गाळून घेतंय ते. आमच्या जाळ्याला बी इतकं बारीक घावत न्हाय." मग त्याने होडी काठाकडे वळवली. पाणी होडीला लागत होतं.

काठावर आल्यावर हॉटेलांतून चिलापी तळल्याचा वास येत होता. कुलदैवताला निघालेल्या माणसाने मासे खायचे नाहीत, हा अविनाशच्या घरचा नियम. मी उपमा खाल्ला. चांगला होता, पण उपमाच होता.

हायवेवर लागल्यावर माझा तोल गेला. सकाळपासून तो चोचीबद्दल बोलत होता, देवाचं लक्ष किती बारीक गोष्टीत असतं असं काहीबाही. मी म्हटलं, "चिखलातल्या पक्ष्याची चोच मापात करणारा तुझा देव, तुझ्या डोळ्यातली एक नस सांभाळताना कुठे गेला होता?"

ट्रक मागे पडले, इंदापूरची पाटी आली. तो समोर बघत होता, म्हणजे त्याला जेवढं समोर दिसतं तेवढं.

"थर्मास आडवा झालाय बघ," तो म्हणाला. "उभा ठेव. बर्फाचं पाणी सांडेल."

मला त्याचा राग आला आणि त्याच्यासाठी वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. इंदापुरात पिठलं-भाकरी खाल्ली. तिथून बावड्यावरून नरसिंहपूर. दोन्ही बाजूंना ऊस, मधे केळीच्या बागा, आणि शेवटी रस्ता नदीपाशी संपतो. नीरा आणि भीमा इथे भेटतात. गावात राहायची सोय साधी असते. आम्ही एका गुरुजींच्या घरी उतरलो, जेवणाचं त्यांना आधी फोनवर सांगून ठेवलं होतं. तुम्हीही तसंच करा, ऐनवेळी गेलात तर उपाशी राहाल.

अविनाशच्या घरची रीत अशी की देवाच्या जन्माची कथा दिवस मावळताना, देवासमोर बसून वाचायची. त्याचे वडील वाचायचे, आजोबाही. डॉक्टरांनी संध्याकाळी घालायला सांगितलेले थेंब त्याने मुद्दाम पुढे ढकलले, कारण ते घातले की थोडा वेळ धूसर दिसतं. "एवढं एक वाचू दे," म्हणाला. मी बाटली पर्समध्ये ठेवली.

मंडपात गावातली काही माणसं रोजच्यासारखी येऊन बसली होती. पुढे हौसाबाई नावाच्या आजी होत्या, नऊवारी, डोक्यावरून पदर. पोथी वाचणार म्हटल्यावर त्या सरसावून बसल्या. इथली एक पद्धत मला माहीत नव्हती. कथेत त्या दैत्यराजाने वर मागितला, तो सगळ्यांना ठाऊक आहे: मला घरात मरण नको, बाहेर नको, माणसाकडून नको, जनावराकडून नको. इथे वाचणारा एकेक अट वाचतो आणि ऐकणारे तिचं उत्तर देतात. देवाने त्या अटीतून वाट कशी काढली, ते.

अविनाशने पोथी डोळ्यांजवळ धरली. पोथीतली भाषा जुनी आहे, मी साध्या शब्दांत सांगते. तो वाचायचा, "घरात नको, बाहेर नको," आणि सगळे म्हणायचे, "उंबऱ्यावर!" "जमिनीवर नको, आभाळात नको." "मांडीवर!" "शस्त्राने नको." "नखानं!" हौसाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. मी खांबाला टेकून गप्प बसले होते. माझा सकाळचा राग अजून उतरला नव्हता.

पण ऐकता ऐकता एक गोष्ट मनात आली. ही कथा मी लहानपणापासून देवाच्या रागाची म्हणून ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की देवाने एकही अट मोडलेली नाही. दुष्टाला दिलेला शब्दसुद्धा त्याने अक्षरशः पाळला, आणि दोन नकारांच्या मधे जी एवढीशी फट उरली होती तिथून दैत्याच्या त्या भक्त पोरापर्यंत पोचला. कुणीतरी फार बारकाईने लक्ष घातल्याशिवाय हे जमणार नाही, असं मला वाटून गेलं.

बाहेर उजेड कमी होत होता. अविनाश पुढे वाचू लागला, आणि खांब दुभंगल्याच्या वर्णनावर आला.

"थांबा मालक," हौसाबाई म्हणाल्या. "सांज राहिली."

अविनाश थांबला. "काय राहिलं?"

"दिवसा नको, रातीला नको, ते तुमी वाचलंच न्हाय. आमी उत्तर धरून बसलोय. सांज न्हाय झाली तर देव यायचा कसा?"

मंडपात कुणीतरी हसलं, चेष्टेने नाही, आपुलकीने. अविनाश पान न्याहाळू लागला. त्याचं बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. मला कळत होतं की ओळ त्याच्या वाटीत येत नाहीये. आता तो हसून "लक्ष नव्हतं हो" म्हणेल आणि पोथी बांधून टाकेल, कायमची, असं मला वाटलं.

त्याने पोथी मांडीवर ठेवली. "आजी, मला दिसत नाही," तो म्हणाला. "ओळ सापडत नाहीये. माझी नजर चाललीय."

त्याने हे कुणासमोर म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

हौसाबाईंना मात्र यात काही विशेष वाटलं नाही. "मग आदी न्हाय का सांगायचं?" त्या सरकून त्याच्याजवळ बसल्या. "वाचनारी मानसं काय, कुनाला खोकला असतोय, कुनाचा चष्मा घरी ऱ्हातोय. देवाची गोष्ट अर्दी ठेवून चालत न्हाय, म्हनून तर आमी बसतो हितं. तुमाला दिसंल तेवढं तुमी म्हना. राहिलेलं आमी भरतो."

"दिवसा नको, रात्री नको," अविनाश आठवून म्हणाला.

"सांजंला!" मंडपाने उत्तर दिलं.

मग शेवटपर्यंत तसंच चाललं. तो दिसेल ते वाचायचा, कुठे अडला की कुणीतरी पुढचा शब्द हळूच सरकवायचं, आणि पुन्हा त्याचा आवाज लागायचा. देव खांबातून आला, काम झालं, आणि मग त्याच नखांच्या हातांनी त्याने त्या पोराला मांडीवर घेतलं. आरती झाल्यावर मंडपाच्या पायरीवर बसून मी त्याच्या डोळ्यांत थेंब घातले. बाटली अजून गार होती. हौसाबाई जाता जाता मला म्हणाल्या, "तू उत्तर देत न्हवतीस गं." त्यांनी तेवढंही पाहिलं होतं.

सकाळी संगमावर गेलो. घाटाच्या पायऱ्या झिजलेल्या आहेत, सांभाळून उतरा. अविनाशला दोन नद्यांची भेट काही दिसली नाही, फार मोठं दृश्य होतं ते. त्याला ओल्या वाळूवर शेपटी हलवत चालणारा एक धोबी पक्षी दिसला, आणि त्याच्या पायांच्या खुणा. त्या तो वाकून बघत राहिला. मी त्याच्या कोपराला धरून उभी होते. परतीच्या वाटेवर भिगवणला थांबून आम्ही दोघांनी चिलापी खाल्ली, काटे मी काढून दिले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही. त्या नसेचं काय, हे मी अजूनही विचारते, आणि विचारत राहीन. देवाने यावर काही म्हटलेलं नाही, अविनाशनेही नाही. पण पोथी कपाटात गेली नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नेहमीसारखा देवापुढे बसला. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि समोर जाऊन बसले. त्याने मान वर केली नाही. देवळातलीच कथा पुन्हा काढली होती. अटी वाचत वाचत तो "दिवसा नको, रात्री नको" इथे आला आणि थांबला. मला वाटलं ओळ हरवली. पुढे वाकून पाहिलं तर त्याचं बोट बरोबर ओळीवर होतं. तो वाट बघत होता.

मी म्हटलं, "सांजंला."