कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही

आधी हे सांगून टाकते, बाकीची कामं नंतर. आत्ता सांगितलं तरच उपयोग आहे, उद्या दुपारी सांगून काही फायदा नाही. आई आतून जेवायला बोलावतेय, मी म्हटलं दहा मिनिटं, आणि माझी दहा मिनिटं म्हणजे किती ते तिला पक्कं माहीत आहे.

तर. मी चिक्कडपल्लीत राहते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हैदराबादच्या मराठी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मी कॉम्प्युटरवाली. ग्रुप खरं म्हणजे सुरू झाला होता डबे, भाड्याची घरं आणि गणपतीच्या कामांसाठी. मग एकदा कुणाचा तरी प्रिंटर अडला, मी तीन ओळींत काय करायचं ते सांगितलं, चालू झाला. तेव्हापासून कुणाचा कीबोर्ड रुसला, स्क्रीन काळी पडली, की मला टॅग. माझं मराठी वाचन जरा हळू आहे, मान्य. पण टायपिंग विचारू नका. समोरचा प्रश्न लिहीत असतो तोवर माझं अर्धं उत्तर गेलेलं असतं. आणि उगीच लाजत नाही, बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. सकाळी साडेदहाला ग्रुपवर एका बाईंचा मेसेज आला. "दादा, अर्जंट आहे. डेस्कटॉप चालू होतो आणि चार-पाच मिनिटांत आपोआप बंद. दोनला माझी टेस्ट आहे."

दादा, कारण माझ्या फोटोच्या जागी मी मदरबोर्ड लावलाय. लिहिलं, "दादा नाही, ताई. पण चालेल. कसली टेस्ट?"

मग तिने सगळं सांगितलं. ती नारायणगुड्यात राहते, पुण्याहून लग्न होऊन आलेली. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली होती. आता एका परदेशी कंपनीने टेस्ट द्यायला बोलावलं होतं, तीन तासांची, ऑनलाइन. त्यांना दसरा-बिसरा काय माहीत. आणि टेस्ट फक्त त्याच मशीनवर उघडणार, जे तिने दोन दिवस आधी तपासून त्यांच्याकडे नोंदवलं होतं. दुसऱ्याचा लॅपटॉप आणून जमणार नाही, तारीख बदलून मिळणार नाही.

"किती अर्ज केले, यांनीच पहिल्यांदा उत्तर दिलं," तिने लिहिलं. "हे पण गेलं तर मी परत कुठे अर्ज करणार नाही."

हे वाचल्यावर मी खुर्चीत मांडी घालून बसले. म्हणजे काम सुरू.

"कधीपासून होतंय असं?"

"परवा मस्त चालला. काल लावलाच नाही. आज लावला तर हे."

"मध्ये कुणी उघडला? हलवला? काही नवीन जोडलं?"

"थांब, सासऱ्यांना विचारते."

दोन मिनिटांनी व्हॉइस मेसेज आला. त्यात मागून एक खणखणीत म्हातारा आवाज, "कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही. काल तर मी कुणाला लावूच दिला नाही."

झालं, मग माझ्या दृष्टीने विषय संपला. मी लिहिलं, पॉवर सप्लाय गेला, शंभर टक्के. पण खात्री म्हणून तिला सांगितलं, चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, सेटिंगची स्क्रीन येईल, तिथे प्रोसेसरचं तापमान दिसतं, फोटो पाठव. पहिल्या फोटोत अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्यात एक्क्याण्णव. तिसरा आलाच नाही, मशीन बंद.

अय्यो. म्हणजे पॉवर सप्लाय नाही, मशीन तापत होतं.

"पंखा फिरतोय का आतला?"

"हौ, आवाज येतोय ना." पुण्याची असून हौ म्हणायला लागली होती.

आवाज येतोय म्हणजे फिरतोय, असं मी धरून चालले. कॅबिनेटमध्ये एकाहून जास्त पंखे असतात हे मला झोपेतही माहीत आहे, तरी. लगेच दुसरं उत्तर दिलं, प्रोसेसरवर टूथपेस्टसारखी एक पेस्ट लावतात, गरमी बाहेर काढायला, ती वाळली असणार. दुकानं बंद होती, पण माझ्याकडे एक ट्यूब होती. म्हटलं मी घेऊन येते, त्याआधी बाजूचं झाकण काढ आणि व्हिडिओ कॉल कर, बघू दे.

सव्वाबारा वाजले होते. तिने फोन कॅबिनेटजवळ धरला.

"स्क्रू दोनच आहेत गं. आणि हातानेच फिरतायत."

झाकण निघालं. मी स्क्रीनला नाक लावून बघत होते.

"ताई, ते केशरी काय आहे?" मी विचारलं.

तिने फोन आणखी आत नेला. मग हळूच म्हणाली, "झेंडू."

"आत?"

मागून तोच खणखणीत आवाज आला. "मग काय यंत्राची पूजा कपड्यांवरून करायची?"

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी पंप हाउसवर. तिथे दर खंडेनवमीला पंप बंद ठेवायचे, झाकण काढायचे, आत हळदकुंकू, आत हार. घरी आता पंप नाही, तर कॉम्प्युटर. सून पुरण वाटत होती तेव्हा त्यांनी स्वतः झाकण उघडून सगळं साग्रसंगीत केलं आणि परत बंद केलं. तिने बाहेरचं कुंकू तेवढं पाहिलं होतं.

"आजोबा, तुम्ही तर म्हणालात कुणी हात लावला नाही."

"नाहीच लावला. पूजा केली. पूजा करणं म्हणजे हात लावणं झालं का?"

आमच्या बाबांनी माझ्या लॅपटॉपवर फूल ठेवलं होतं, आणि मला कुणी विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, काही नाही केलं.

हाराचा दोरा प्रोसेसरच्या पंख्यात ओढला जाऊन आवळून गुंडाळला होता. पंखा जागच्या जागी अडकलेला. आवाज येत होता तो मागच्या पंख्याचा.

"ताई, प्लग काढ. कात्री आण, दोरा काप."

"उत्तरपूजा झाल्याशिवाय हार काढायचा नाही," सासरे म्हणाले. "संध्याकाळी, सोनं वाटून आलो की करू."

भांडण झालं तर मी फोनमधून काय करणार होते? ती फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, दोनला टेस्ट आहे माझी."

मागे चालू असलेला टीव्ही त्यांनी बंद केला.

"मग आत्ताच करू उत्तरपूजा. अक्षता आण."

"आजोबा, अक्षता आत नक्को," मी घाईघाईने म्हटलं. "झाकणावर टाका, ते बाजूला ठेवलंय ना, त्यावर."

"मला शिकवतेस? पंपावर केस पिकले माझे."

"हा पंप नाही ना, उस्ताद."

ते हसले. झाकणावर अक्षता टाकल्या, पुनरागमनाय च म्हणाले आणि मूर्ती हलवतात तसं कॅबिनेट दोन बोटं सरकवलं. मग सुनेच्या हातातली कात्री काढून घेतली.

"कात्री कशाला? पातं तुटेल. पंपाच्या पात्याला गवत गुंडाळायचं तेव्हा आम्ही कापायचो नाही, ओढायचोही नाही. उलटं फिरवायचं. जसं गुंडाळलं तसं सुटतं."

एका बोटाने त्यांनी पंखा उलटा फिरवला, सावकाश, आणि दोरा एक एक वेढा सुटत बाहेर आला. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. पाकळ्या तिने भुवया कोरायच्या चिमट्याने काढल्या. तिने विचारलं, कुंकू पुसू का? ते आत-बाहेर नुसतं पत्र्यावर होतं, म्हटलं राहू दे.

मशीन लावलं. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. अर्धा तास आम्ही तिघं तो आकडा बघत बसलो, पन्नासच्या वर गेला नाही. पावणेदोनला तिने फोन बंद केला, टेस्टच्या वेळी खोलीत फोन ठेवायला बंदी होती. सासरे नातीला घेऊन दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, कुणी आत जायचं नाही म्हणून.

सव्वापाचला मेसेज आला. "एकदाही बंद पडलं नाही. शेवटचा प्रश्न राहिला, बाकी सगळे सोडवले."

त्या कंपनीत ती पुढच्या फेरीपर्यंत गेली आणि तिथे बाद झाली. मला भीती वाटत होती, आता ही सगळं सोडणार. पण तिने त्याच आठवड्यात आणखी दोन ठिकाणी अर्ज केले, आणि आता रोज माधापूरला ऑफिसला जाते.

आज सकाळी तिने विचारलं, बाबा म्हणतायत यंदा हार कुठे घालू? उद्या खंडेनवमी आहे ना, म्हणून मी जेवण सोडून हे लिहितेय. बाहेरून घाला हो, वरून, कुठूनही, फक्त झाकण उघडू नका. आणि खरं सांगा, तुमच्या घरी कुणी "काही केलं नाही" म्हणालं आणि आतून झेंडू, अक्षता, नारळाचं पाणी असलं काही निघालं, असं झालंय का कधी?