डमी लोडवर आलेला आवाज

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला म्हणून. कुणाला रिकाम्या घरात पावलं ऐकू आली की खाली प्रतिक्रियेत 'आधी कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर तपासा, त्या वायूने भास होतात' असं लिहिणारा आगाऊ माणूस तो मीच. आमचं घर नागपूरचं, आंबेडकरी. भूत, आत्मा, पितर यांना घरात थारा नव्हता. एकदा एका पाहुण्यांनी विहिरीवर दिसणाऱ्या बाईची गोष्ट सुरू केली, तर बाबांनी "तुम्ही स्वतः पाहिली का?" एवढंच विचारलं. पाहुणे पोहे संपेपर्यंत गप्प बसले. मी आणि दादा त्याच बाबांची पोरं, त्यामुळे हे लिहायला मला जड जातंय... पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

मी आता परदेशात, मिसिसागाला राहतो, इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. माझा मोठा भाऊ आनंददादा विंडसरला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. आम्हा दोघांनाही हॅम रेडिओचं वेड, तेही त्यानेच मला लावलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी - परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, आणि मग घरच्या रेडिओवरून हजारो मैल बोलायचं. ना फोन लागतो ना इंटरनेट. दर रविवारी सकाळी चहा झाला की आम्ही ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर भेटायचो आणि अस्सल नागपुरीत गप्पा हाणायचो. एकदा मिशिगनच्या एका आजोबांनी मध्येच येऊन विचारलं, ही भाषा कुठली? दादा म्हणाला, "धिस इज नागपूर, सर." भाषेचं नाव सांगायचं राहूनच गेलं.

दादाने इलेक्ट्रिक पिकअप ट्रक घेतला होता. दर फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, तो उत्तरेला सडबरीच्याही वर एका तळ्यावर कनू, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेऊन एकटाच जायचा. सोबत एक छोटा बॅटरीचा रेडिओ आणि अँटेना म्हणून झाडावर फेकायची वायर, दोन्ही एका वॉटरप्रूफ बॅगेत. गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरमध्ये गेला तो परत आला नाही. ट्रक तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये जिथल्या तिथे उभा होता. कनू पलीकडच्या किनाऱ्याला उलटी सापडली. दादा नाही, बॅगही नाही. पोलिसांनी डायव्हर, कुत्रे, हेलिकॉप्टर, सगळं केलं. जीव तोडून केलं, त्यांना बोल लावायला जागा नाही. मग तळं गोठायला लागलं आणि शोध स्प्रिंगपर्यंत थांबवला.

मला तेव्हाच कळलं होतं. दादाची मुलगी इशा युनिव्हर्सिटीतून घरी आली होती, तिलाही कळलं होतं. फक्त प्रतिभावहिनी मानत नव्हत्या. तिथल्या आमच्या आंबेडकरी मंडळाच्या लोकांनी हळूच पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या विधीचा, विषय काढला तर त्यांनी दारच लावून घेतलं.

"भाऊजी, बॅग सापडली नाही नं?" त्या मला म्हणाल्या. "म्हणजे बॅग त्यांच्याजवळ आहे. रेडिओ आहे. ट्रकमध्ये मोठा रेडिओ बसवून द्या, आपण तिकडे जाऊन त्यांना कॉल करू."

"वहिनी, त्या रेडिओची बॅटरी फार तर दोन-तीन दिवस जाते. महिना उलटून गेला."

"तुम्ही बसवा."

इशा जिन्यात उभी होती. "आई, प्लीज. यू हॅव टू स्टॉप," म्हणाली आणि वर निघून गेली. ट्रक तोवर विंडसरला घरी आणला होता; मी मात्र सुट्टी टाकून तिथेच राहिलो आणि रेडिओ बसवायला घेतला. रेडिओ, अँटेना, सगळं सामान दादाने आधीच आणून ठेवलं होतं. दिवाळीत आम्ही दोघं मिळून बसवणार होतो.

इलेक्ट्रिक ट्रकमध्ये रेडिओ बसवणं म्हणजे विकतची डोकेदुखी. एक तर बॉडी ॲल्युमिनियमची. दादाने हौसेने चुंबकाचा अँटेना-माउंट आणला होता, तो छपरावर ठेवला की घसरून माझ्या हातात. एवढा हुशार माणूस, गाड्या बनवणारा, आणि ही चूक! मला हसू आलं, आणि त्याला चिडवायला तो नाही हे आठवून तिथेच ड्राइव्हवेवर उभ्या उभ्या रडू आलं. शेवटी मागच्या डाल्याच्या, म्हणजे सामानाच्या उघड्या हौद्याच्या, कडेला लोखंडी ब्रॅकेट कसून अँटेना उभा केला. पण खरा त्रास वेगळाच. ट्रक चालू केला की त्याच्या मोटरची इलेक्ट्रॉनिक्स रेडिओत एवढी खरखर ओतते की त्यात माणसाचा आवाज बुडून जातो. त्यावर उपाय म्हणजे बॉनेट, दारं, डालं, सगळं तांब्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडायचं आणि वायरींवर फेराइटच्या काळ्या रिंगा चढवायच्या. मी तेच करत होतो. वहिनी शाल गुंडाळून टॉर्च धरायच्या, मध्येच चहा आणायच्या. हात गारठून पाना धरवत नव्हता. या सगळ्यातून काहीही निष्पन्न होणार नाही हे मला माहीत होतं, तरी एकही पट्टी मी ढिली लावली नाही. दादाने तपासलीच असती.

शनिवारी सकाळी ट्रान्समीटर किती ताकद देतो ते मोजायला मी डमी लोड लावला. हा एक साधा डबा असतो. अँटेनाची केबल काढून तिथे हा जोडायचा. रेडिओ जी काही ताकद बाहेर टाकेल ती हा पिऊन टाकतो, गरम होतो, बस. बाहेर काही जात नाही आणि बाहेरचं आत काही येत नाही. चाचणीच्या वेळी दुसऱ्यांना त्रास नको म्हणून हे करतात. मापं बरोबर आली. वहिनींनी जेवायला हाक मारली आणि मी तसाच उठून गेलो.

जेवून आल्यावर ट्रक चालू केला, रेडिओ लावला. खरखर नाही! सिग्नलचा काटा शून्यावर, आवाज नाही, काही नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. "वहिनी, या लवकर! नॉइज गेला, पट्ट्यांनी काम केलं!" त्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. नवशिक्या माणसानेसुद्धा आधी केबल पाहिली असती. मी मात्र माझ्या कामावर खूश होऊन बसलो होतो.

"आता त्यांना कॉल करा," वहिनी म्हणाल्या.

"आत्ता? इथून?"

"करा नं भाऊजी."

मी माइक उचलला तो निव्वळ वहिनींसाठी. रविवारची फ्रिक्वेन्सी लावली, त्याचा कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची ओळखीची अक्षरं, म्हटला, माझा म्हटला, आणि बटण सोडलं. काहीच नाही. पुन्हा केलं. वहिनी पुढच्या काचेतून बाहेर बघत होत्या. तिसऱ्यांदा बटण सोडलं आणि स्पीकरमधून, बारीक पण स्वच्छ -

"हां मिलिंद, बोल ना बे. ऐकून राहिलो मी."

माझ्या हातातला माइक मांडीवर पडला. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथे नखं उमटलेली होती. आवाज दादाचा होता. मी त्या आवाजात लहानाचा मोठा झालोय, त्यात चूक होणं शक्य नाही.

"दादा! कुठे आहेस तू?"

"इथंच तं आहो. पाण्यापाशी. पहिले लय थंडी वाजे, आता नाही वाजत."

"कुठल्या बाजूला? पार्किंगकडून कुठे?"

"इथून ट्रक दिसून राहिला ना मले." मग जरा थांबून, "प्रतिभा आहे का तिथं?"

वहिनी ओरडल्याच. "आहे! मी आहे! आम्ही येतोय, तुम्ही हलू नका!" मी बटण दाबून धरलं होतं, त्यामुळे ते गेलं असावं, कारण तो म्हणाला, "हां. या मंग." आणि मग, "मिलिंद, तुझा आवाज आत जाऊन राहिला बे. डुबून राहिला."

आवाज बुडतोय म्हटल्यावर रेडिओवाल्याचा हात सवयीने केबलकडे जातो. मी मागे पाहिलं. अँटेनाची केबल सीटमागे मोकळी पडली होती. रेडिओला अजून तो डबाच जोडलेला होता.

त्या क्षणी मला भीती वाटली नाही, हेही सांगून टाकतो. मला फक्त एवढंच दिसलं की सिग्नल कमजोर आहे, अँटेना लावला की तो जोरात येईल, दिशा काढता येईल, पोलिसांना सांगता येईल. हॅम रेडिओ करणाऱ्या कुणीही तेच केलं असतं.

"दादा, अँटेना बदलतो. स्टँड बाय."

"स्टँडिंग बाय," दादा म्हणाला.

मी डबा काढला, केबल जोडली. खरखर धाडकन परत आली, काटा अर्ध्याच्या वर. पट्ट्यांनी काहीच काम केलं नव्हतं. ट्रक बंद केला, खरखर गेली, दूरची माणसं बोलताना ऐकू यायला लागली, टेक्सास, क्यूबेक. दादा नाही. पुन्हा डबा लावला. पूर्ण शांतता. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

"काहून बदललं तुम्ही?" वहिनी मला हलवून विचारत होत्या. "बोलत होते नं ते, चांगले बोलत होते! काहून हात लावला?"

दार उघडलं. इशा नुसत्या सॉक्सवर बर्फात उभी होती. तिची खिडकी ड्राइव्हवेवर उघडते. "काका," ती म्हणाली, "वॉज दॅट बाबा?"

त्याच दुपारी आम्ही तिघं निघालो. थंडीत इलेक्ट्रिक ट्रकची रेंज निम्मी होते, वाटेत ठिकठिकाणी चार्जिंगला थांबावं लागलं. प्रत्येक थांब्यावर वहिनी म्हणायच्या, "ते हलणार नाहीत, मी सांगितलंय त्यांना." दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर पोहोचलो. तळं पांढरं, सपाट, गप्प. ट्रक बंद करून, हीटर बंद करून बसलो. अँटेनावर बोलावलं, डब्यावर बोलावलं. तिथल्या पोलीस अधिकारी बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आमच्याबरोबर पार्किंगपासून दोन्ही बाजूंना, बर्फ गुडघ्याला लागेपर्यंत चालल्या. पण तिथे काहीच नव्हतं.

बर्फ वितळल्यावर दादा सापडला. पार्किंगसमोरच, बोट उतरवायच्या उतारापासून थोड्याच अंतरावर, पाण्याखालच्या झाडाच्या खोडात अडकलेला. तिथून ट्रक उभा केलेली जागा सरळ दिसते. बॅग खांद्यालाच होती. रेडिओ आत, कोरडा, वायर गुंडाळलेली जशीच्या तशी. तो त्याने बाहेर काढलाच नव्हता. डॉक्टरांच्या मते तो पहिल्याच दिवशी गेला.

मग पुण्यानुमोदन झालं. भंते आले, त्रिशरण-पंचशील झालं, मंडळाच्या बायकांनी स्वयंपाक केला. वहिनी पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या, एकदाही रडल्या नाहीत.

स्पष्टीकरणं मीही शोधली. डबा शंभर टक्के बंद नसतो, जवळचं जोरदार स्टेशन कधीकधी त्यातूनही झिरपतं. मान्य. पण विंडसरमध्ये माझं नाव घेऊन नागपुरीत बोलणारं कुठलं स्टेशन? कुणी चेष्टा केली म्हणाल, तर दादाच्या आवाजात, 'प्रतिभा आहे का' म्हणून? दुःखाने भास होतो म्हणाल, तर मला आणि वहिनींना झाला असेल. वर खोलीत बसलेल्या, बाप गेला हे केव्हाच मान्य केलेल्या मुलीला कसा झाला? डबा मी उघडून पाहिला, मोजला, दुसऱ्या एका हॅमकडून तपासून घेतला. त्यात काही दोष नाही.

कार्यक्रम संपल्यावर हॉलमध्ये खुर्च्या आवरताना वहिनी माझ्याजवळ आल्या.

"भाऊजी, तुम्ही त्यांना थांबायला सांगितलं आहे."

मी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"तुम्ही सोडल्याशिवाय ते नाही निघणार. तुम्हाला माहीत आहे त्यांचा स्वभाव."

माहीत आहे. दादासारखा शिस्तीचा ऑपरेटर मी दुसरा पाहिला नाही. स्टँड बाय म्हटलं की समोरचा परत येईपर्यंत त्याने फ्रिक्वेन्सी सोडलेली मला आठवत नाही.

आता दर रविवारी सकाळी मी माझ्या घरच्या रेडिओला तोच डबा लावून बसतो. आमच्या धम्मात आत्मा नाही. मी कुणाशी बोलतोय हे मला विचारू नका, मला सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणतो, "दादा, आम्ही नाही येऊ शकत. तू थांबू नको. जा." मग बटण सोडतो आणि ऐकत बसतो. वहिनी विंडसरहून फोन करतात, "उत्तर आलं?" मी नाही म्हणतो.

माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचून तो निघून गेला असेल, तर शांतता असेल. तिथे कधी कुणी नव्हतंच, तरी शांतताच असेल. आणि तो अजून तिथेच पाण्यापाशी माझी वाट बघत असेल, तरीही शांतताच असेल. कारण स्टँड बायवर ठेवलेला माणूस मध्ये बोलत नाही, नुसता ऐकत राहतो.