खालांचा कौल

"पुन्हा बघा, साहेब," असं म्हणत आमचा मांडणीकार दोन कागद माझ्या नाकासमोर धरायचा. दोन्हींवर एकच मजकूर, तीच बारीक शेपट्यांची इंग्रजी अक्षरं. "डावीकडच्या टाइपचं पोट सुटलंय, दिसत नाही?"

"माझंही सुटलंय. तरी मी कामं वेळेवर करतो," मी म्हणायचो.

आमच्या उत्तरेतल्या संशोधन संस्थेचं त्रैमासिक वाचणारे तुम्ही बोटांवर मोजले असते. मी संपादक, तो कंत्राटावरचा मांडणीकार. पण दर अंकाला टाइप, म्हणजे अक्षरांचं वळण, निवडण्यात नमनालाच घडाभर तेल जायचं.

कहर म्हणजे शेवटची निवड हा स्वतः करायचाच नाही. दोन नमुने पाकिटात बंद करून जुन्या शहरातल्या चौकात न्यायचा, चिकनचं भरतकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडे. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. खालांना अक्षरओळख नव्हती.

"म्हणूनच तर! आपण मजकूर वाचत बसतो हो. त्या नुसतं काम बघतात," तो म्हणायचा.

घ्या! पीएचडीवाल्यांच्या अंकाचा निकाल चौकातल्या गल्लीत लागणार.

शेवटी मी वर टिपण पाठवलं : फार विलंब होतो, यांचं कंत्राट वाढवू नये. शिवाय त्याची जिरवायचीच म्हणून त्या खेपेला त्याच्या नकळत पाकिटात एकाच टाइपचे दोन कागद घातले आणि सोबत गेलो. म्हटलं, खाला त्यातला एक निवडतील, मग बघू याची विद्या.

खालांनी सुई कापडात खोचली आणि कागद उजेडात धरले. "ये तो दोनों एक ही हैं, बेटा. किसने मज़ाक किया?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. एकदा माझ्याकडे पाहून त्याने कागद परत पाकिटात घातले. परतताना रिक्षात आपणहून म्हणाला, "प्रिंटरची चूक असेल, साहेब. होतं असं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. टिपण मागे घ्यायला धावलो, तर त्यावर सही होऊन गेली होती.

तो सांगलीला परत गेला. अंक आता अगदी वेळेवर निघतो; कॉम्प्युटर उघडला की समोर येईल तो टाइप. परवा नवा अंक घेऊन मी चौकात गेलो. का, ते विचारू नका.

"वो साथ वाले नहीं आए?" खालांनी विचारलं.

नाही म्हणून मी अंक पुढे केला. त्यांनी पान उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि अंक मिटून माझ्या हातात दिला.

"हाँ," त्या म्हणाल्या, "इसे किसी ने चुना नहीं है."