बांडगुळाचं वाण

"अगा ए भाऊ, उतर खाली! माह्या मोहावर बांडगूळ कायले बांधून राहिला?"

खालून ही आरोळी आली तेव्हा मी आंबागडच्या शिवारातल्या एका मोहाच्या झाडावर होतो. झाड किती उंच? नागपूरला उतरणारं विमान माझ्या पायाखालून गेलं, एवढंच सांगतो. लाल मुंग्यांनी माझ्या पाठीवर ग्रामसभा भरवून, सर्वानुमते ठराव करून चावायला घेतलं होतं. एका हातात फांदी, दुसऱ्या हातात ऑर्किडचं रोप, आणि दातांत बायकोच्या जुन्या पोपटी साडीची फाडलेली पट्टी. बाईला उत्तर द्यायला तोंडच रिकामं नव्हतं.

बाई साठीची, हातात विळा. झाड तिचं. आणि तिचंही काही चुकत नव्हतं. आमच्याकडे माणूस जन्मभर आंब्या-मोहावरचं बांडगूळ कापून काढतो, आणि इथे भंडाऱ्याहून जीप करून आलेली सात शहाणी माणसं तेच वर चढून बांधत होती. कुणी आपल्या धानाच्या बांधीत येऊन गवत पेरावं, तसलंच ते.

ही सारी करामत माझ्या दोस्ताची. शाळेत एकाच बाकावर बसून आम्ही मार खाल्ला. त्याच्या वाटणीचाही बराचसा मीच. आता तो आमच्या सकाळी फिरणाऱ्या टोळीचा कप्तान होता. रस्ता रुंद करायला जुने आंबे-मोह आडवे पाडले होते आणि त्यांच्या फांद्यांवर रानटी ऑर्किड तशीच हिरवी होती, हे त्याने पाहिलं. झाड मेलं हे त्यांना अजून कळलंच नव्हतं. दोस्त म्हणाला, काढून उभ्या झाडांवर बांधू, वाचवू. कारध्याच्या पुलावर जीप थांबवून त्याने आम्हा सगळ्यांना वैनगंगेकडे तोंड करून शपथ घ्यायला लावली: पडलेल्या झाडावरचंच काढायचं, उभ्या झाडावरच्या रोपाला हात लावायचा नाही. ही रोपं कुंडीत-बिंडीत मरतात, फांदीवरच जगतात, हेही त्याने तिथेच बजावलं. बोलताना त्याचे डोळे असे भरून आले की धरणाची दारं उघडावी लागतात की काय, असं मला वाटलं.

मोहाच्या मालकाला मी विचारून ठेवलंय, हेही त्यानेच सांगितलं होतं. बाईचा आवाज ऐकू आला तेव्हा तो जीपच्या मागे चाकाची हवा तपासत होता.

शेवटी मीच उतरलो. उतरलो म्हणजे शेवटचा टप्पा वजनाच्या भरवशावर पार केला. बाईला समजावलं की बांडगूळ झाडाचा रस पितं, हे तसं नाही. हे नुसतं फांदीला धरून बसतं, हवेवर आणि पावसावर जगतं.

"आन् मोह वाळला तं?" बाई म्हणाली.

"वाळला तर मला याच झाडाला बांधा."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाले बांधाले एवढा दोर कुठून आनू?"

जीपमागून हसू आलं. पण खरी अडचण पुढेच होती. होळीच्या सुमाराला मोह गळायला लागला की झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे जमीन साफ होते आणि फुलं वेचायला सोपी पडतात. तो धूर आणि ती झळ नव्याने बांधलेल्या रोपांना सोसली नसती. म्हणून मी तिला म्हणालो, यंदा जाळू नका, झाडून काढा.

"पाच मोह हायेत, भाऊ. रोज झाडा लागन. कंबर काय तुमची हाये?"

मी हात जोडले. बाईने विळा कमरेला खोचला. मग म्हणाली, "बरं. तुमच्या शब्दावर. बाकीच्याइले तं मी ओळखत नाई." आणि माझं नाव दोनदा विचारून घेतलं.

आणि तिने झाडलं. मोह गळेपर्यंत रोज, सूनबाईला घेऊन, अंधारातच उठून. मी एकदा गेलो तेव्हा पाचही झाडांखाली जमीन अशी होती की तिथे पंगत बसवावी. उन्हाळा गेला, रोपं तगली. पावसाळ्यात तिचा फोन आला: "तुमचं बांडगूळ फुललं ना जी." मी दुकान बंद करून, रेनकोट उलटा घालून गेलो. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकड्या, मध्ये जांभळी जीभ. त्या वासाने तलावातले मासे काठावर येऊन बसले होते, असं मी पुढे वर्षभर सांगितलं. पांढरी जाड मुळं आता सालीला चिकटली होती. साडीच्या पट्ट्या सोडल्या असत्या तरी चाललं असतं. शोभेला राहू दिल्या. फोटो पहिल्यांदा पाठवला तो दोस्ताला. त्याने हात जोडल्याची सात-आठ चित्रं पाठवली.

मग संक्रांत आली. दोस्ताच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे अर्धा भंडारा. माझी बायको गेली, आणि आली ती कपाळाला कुंकू आणि हातात करवंटी घेऊन. तिने ती माझ्या ताटाशेजारी ठेवली. करवंटीत ऑर्किडचं रोप होतं. त्याला पोपटी पट्टी बांधलेली होती, तिच्यावर बारीक कैऱ्यांची नक्षी.

"हे लुगडं ओळखीचं वाटून राहिलं का?" ती म्हणाली.

"सगळ्यांना दिलं?"

"साऱ्यायले. 'झाडं वाचवा' म्हणून एकेकीच्या हातात. वाण नाही म्हणता येत नाही, म्हणून घेतलं."

मी हात न धुताच दोस्ताकडे निघालो. स्कूटरवर मनातल्या मनात त्याला अशा शिव्या घातल्या की गांधी चौकातला सिग्नल लाजून लाल झाला. तो गच्चीत उरलेल्या करवंट्या आवरत होता.

"शपथ कोणी घातली होती, बे?" मी म्हणालो. "उभ्या झाडाला हात लावायचा नाही म्हणून?"

"मी झाडाचं काय घेतलं? आपणच बांधलेलं, आपणच सोडलं." त्याने माझ्यापुढे तिळाचा लाडू धरला. "आणि तिथे रानात पाहतो कोण? आता घराघरात गेलं. तू कायले एवढा तापून राहिला?"

पन्नास वर्षांची ओळख. त्या तोंडावर मी काहीतरी शोधत होतो. तिथे लाडूचा कण होता, बाकी काही नव्हतं.

करवंटीत ही रोपं जगणार नाहीत हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. ही गोष्ट त्यानेच आम्हाला पुलावर शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी आंबागडला गेलो. पाचही मोह उघडे. रोपं विळ्याने खरवडून काढली होती, आणि जी मुळं सुटली नाहीत ती सालीवर तशीच तुटून राहिली होती, खडूने ओढलेल्या रेघांसारखी. एका फांदीवर नुसती पट्टी लोंबत होती.

बाई अंगणात तूर झोडपत होती. मी तिला सगळं सांगितलं. की मी पाठवलं नव्हतं कुणाला, की मला कालपर्यंत पत्ताच नव्हता, की तो माझा दोस्त होता. माझ्याकडे नेहमी गोष्टीला लावायला काहीतरी तिखटमीठ असतं. त्या दिवशी एवढंच होतं.

तिने हातातली काठी थांबवली नाही.

"आमाले काय मालूम, भाऊ," ती म्हणाली. "नाव तं तुमचंच सांगतलं त्यानं."