पंडुमाआधीचा आंबा

आलापल्ली मागे पडली तसा डांबरी रस्ता सोडून आम्ही जंगलातली पायवाट धरली. सिंदेवाहीहून भामरागडपर्यंत चालत जायचं खूळ माझंच. त्यामुळे बुटाचा तळ सुटून फटाफट वाजायला लागला तरी मला कुरकुरायची सोय नव्हती. ह्यांनी तो सुतळीनं बांधून दिला आणि पुढे दिवसभर मला चिडवलं.

सागाची पानं गळलेली, सावली नावालाही नाही. मोहाचा गोड वास मात्र पाठ सोडत नव्हता. दुपारी नाल्यात पाय बुडवून बसलो, जवळचे पोहे संपवले. पलीकडे आंब्याचं झाड कैऱ्यांनी लगडलेलं होतं. खाली पडलेल्या कैऱ्याही कुणी उचलल्या नव्हत्या. "आळशीच दिसतात इथली माणसं," मी म्हटलं आणि ओढणीत मावतील तेवढ्या घेतल्या.

दिवस कलताना माडिया लोकांच्या एका टोल्यावर (वस्तीवर) पोचलो. मंगलीबाईनं ओळखपाळख नसताना अंगणात खाट टाकली. घरात ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. चुलीवर डाळ ठेवून ती पाणी आणायला गेली.

दुसऱ्याच्या स्वयंपाकात नाक खुपसल्याशिवाय मला चैन पडत नाही. चार कैऱ्या चिरून सरळ डाळीत टाकल्या. एक फोड मीठ लावून म्हातारीच्या हातावर ठेवली. तिला मराठी येत नव्हतं. ती नुसती हसली.

मंगलीबाई आली, मडक्यात डोकावली आणि तिथेच थबकली.

"हे काऊन टाकलं, बाई?"

"अगं, चव येते छान."

"आमी अजून खात नाई. मरका पंडुम (नव्या आंब्याचा सण) व्हाचा हाये. देवाले देल्याबिगर कोनी खाल्लं, तं साऱ्या गावावर संकट येते."

ती गायत्याला (गावच्या पुजाऱ्याला) घेऊन आली. मागोमाग शेजारपाजारही जमला. गायत्यानं माडियात काहीतरी विचारलं.

"घरात कोनी चाखलं का, म्हून इचारते," मंगलीबाईनं मला सांगितलं.

फोड मी दिली होती. ते सांगायला माझं तोंडच उघडेना. म्हातारीनं आपण होऊन मूठ उघडली. फोड तशीच होती, मीठ विरघळून तळहात ओला झाला होता. पाहुणीनं दिलेलं परत कसं करायचं, म्हणून ती इतका वेळ धरून बसली होती.

गायत्यानं मान डोलावली. लोक पांगले. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, खरंच.

"डाळ टाकून देऊ," मी म्हटलं. "आम्हीही जेवत नाही."

"अन्न कायले टाकता? तुमाले चालते. बसा."

ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी मुकाट्यानं बसले.

पुढे भामरागड गाठलं, नद्यांचा संगम पाहिला, बसनं घरी आलो. भेटेल तो विचारतो, तिकडे पाहुणचार कसा असतो? फार चांगला, मी म्हणते आणि विषय बदलते. त्या रात्री मंगलीबाईनं आम्हाला पोटभर डाळभात वाढला. ह्यांनी दोनदा मागून घेतला. त्या दोघी समोर बसून कोरडा भात खात होत्या, आणि मंगलीबाई मलाच विचारत होती, "बाई, लाजता काऊन? अजून घ्या न."